कोंडलेला विस्तव

मनुष्यास अग्नि प्रथम कोठें व कसा सांपडला, या प्रश्नाची चर्चा पंडितांनीं पुष्कळ केली आहे. परंतु सांपडलेला अग्नि पुढें घराच्या भिंतींत, आणि शेवटीं एका पेटींत, कसा कोंडला गेला याचा इतिहास त्या मानानें उपेक्षित राहिला. लढाया आणि तहनामे यांना इतिहासांत जें स्थान मिळतें तें चुलीस मिळत नाहीं. वस्तुतः तहनामे मोडले तरी चालतें, चूल मात्र रोज पेटवावी लागते. आज मुंबई-पुण्याच्या नव्या घरांतून भिंतीच्या कपाटांत कायमची बसविलेली भट्टी, म्हणजे ज्यास सर्वजण ओव्हन म्हणतात तो, दिसूं लागला आहे. काळ्या कांचेचें एक दार, दोन खुंट्या आणि वर उजळणारे कांहीं आंकडे, एवढेंच त्याचें बाह्य स्वरूप. आंत विस्तवाइतकी आंच कोंडलेली आहे, अशी शंकाही पाहणारास येत नाहीं. ही शंका न येणें हेंच प्रस्तुत लेखाचें निमित्त होय. ओव्हनचा इतिहास हा अग्नि पायरीपायरीनें दृष्टीआड करण्याचा इतिहास आहे. आणि प्रत्येक पायरीवर स्वयंपाक करणाराचें एकेक इंद्रिय त्या कामांतून निवृत्त झालें आहे. त्या इंद्रियाच्या जागीं दुसरा पहारेकरी नेमावा लागतो, हें माणसाला बहुधा उशिरां सुचलें, आणि तो उशीर कित्येकांस महाग पडला.

आपल्या उघड्या चुलीपासून आरंभ करणें सोयीचें होईल. चुलीवर सर्व कांहीं प्रत्यक्ष असतें. ज्वाळा मोठी झाली तर डोळ्यांस दिसते, भात लागला तर नाकास कळतें, लांकूड ओलें असेल तर तें कानास सांगतें. चुलीच्या शेजारची वैल ही तर आमच्या मतें गृहशास्त्रांतील एक उत्तम युक्ति होय. मुख्य भांड्याखालून निसटलेली आंच तिच्यावर ठेवलेल्या आमटीस मिळते, आणि वेगळें लांकूड जाळावें लागत नाहीं. शिवाय चुलीची निगा हा तिच्या उपयोगाचाच भाग होता. राख काढणें, पोतेरें फिरविणें, भेग पडली तर माती लावणें हीं कामें रोजच्या रोज होत, आणि तीं करतां करतां चुलीची तपासणीही आपोआप होई. तथापि चुलीचें गुणगान करण्याचा आमचा हेतु नाहीं. तिच्या धुरानें पिढ्यानपिढ्या बायकांचे डोळे व फुप्फुसें खराब केलीं, आणि पदरास लागलेल्या आंचेनें किती जीव घेतले याची गणती कोणीं ठेवलेली नाहीं. अग्नि कोंडण्याची इच्छा माणसास झाली ती विनाकारण नव्हे.

अग्नि कोंडण्याचा जुना मार्ग गोव्यांतील पोदेराच्या भट्टींत आजही पाहावयास मिळतो. जाड भिंतींच्या घुमटांत लांकडें जाळावयाचीं, भिंती पुरेशा तापल्या म्हणजे निखारे ओढून घ्यावयाचे, आणि मग त्या सांठविलेल्या उष्णतेवर पाव भाजावयाचे. युरोपांतील जुन्या भट्ट्यांची रीतही हीच होती. या रीतींत अग्नि आणि अन्न एकाच जागीं येतात, पण एका वेळीं येत नाहींत. अग्नि जातो तेव्हां अन्न येतें. भट्टी किती तापली हें हात आंत धरून किंवा चिमूटभर पीठ टाकून तें किती वेळांत तांबूस होतें यावरून ठरवीत. पोदेराचा हात हेंच त्याचें तापमापक होय. मात्र अशी भट्टी हें व्यवसायाचें साधन होतें. सामान्य इंग्रजी किंवा जर्मन घरांत मांस भाजावयाचें तें उघड्या आगीसमोर सळईवर फिरवून, आणि त्या आगीची बहुतेक उष्णता धुराड्यांतून आकाशांत जात असे.

ही उधळपट्टी ज्याच्या डोळ्यांत विशेष सलली तो गृहस्थ मोठा विलक्षण होता. बेंजामिन टॉम्सन याचा जन्म अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्समध्यें १७५३ सालीं झाला. स्वातंत्र्ययुद्धांत त्यानें इंग्रजांचा पक्ष धरला, पुढें बव्हेरियाच्या इलेक्टराच्या चाकरींत शिरला, आणि काउंट रम्फर्ड या नांवानें प्रसिद्धीस आला. तोफा भोंकतांना उत्पन्न होणाऱ्या उष्णतेवरून, उष्णता हा द्रवासारखा एखादा पदार्थ नसून ती गतीपासून उद्भवते, हें त्यानें १७९८ सालीं प्रतिपादिलें, आणि त्यामुळें पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत त्याचें नांव कायम राहिलें. परंतु म्यूनिच शहरांत १७९० सालीं भिकाऱ्यांसाठीं जें उद्योगगृह त्यानें चालविलें, त्याच्या पाकशाळेंतही तो हाच अभ्यास करीत होता. हजार माणसांचें अन्न थोडक्या सरपणांत कसें शिजवावें, हा त्याचा प्रश्न होता. त्याचें उत्तर असें कीं, प्रत्येक भांड्यासाठीं विटांच्या बांधकामांत स्वतंत्र लहानशी शेगडी करावी, आग सर्व बाजूंनीं बंदिस्त असावी, आणि हवा आंत येण्याची व धूर बाहेर जाण्याची वाट झडपांच्या ताब्यांत ठेवावी.

याच विचारांतून त्याचा 'रोस्टर' निघाला. पत्र्याचें एक नळकांडें विटांच्या भिंतींत आडवें बसविलेलें, खालीं लहान आग, पुढें दार, वर वाफ जाण्यास झडप असलेली नळी, आणि तळाशीं आगीवरून जाऊन तापलेली हवा आंत सोडणाऱ्या दोन नळ्या. आधीं नळ्या बंद ठेवून मांस मंद आंचेवर शिजवावयाचें, आणि शेवटीं झडपा उघडून तप्त हवेच्या झोतानें तें तांबूस करावयाचें. आजच्या ओव्हनमध्यें पंखा लावून जें साधतात त्याचीच ही पूर्वसूचना होय. भिंतींत बसविलेल्या घरगुती ओव्हनचा मूळपुरुष कोण असें कोणीं विचारलें, तर आम्ही या रोस्टरकडे बोट दाखवूं. आगीवर सत्ता चालवावयाची तर हवेवर सत्ता पाहिजे, हें जें सूत्र त्यांत आहे, तें अद्याप जुनें झालेलें नाहीं. ओव्हनमध्यें तुपातेलानें पेट घेतला तर दार उघडूं नये, वीज किंवा गॅस बंद करावा आणि स्वस्थ वाट पाहावी, असें आज सांगतात. घाबरून दार उघडणारा मनुष्य त्या आगीस नेमकी हवी असलेली हवाच पुरवीत असतो.

रम्फर्डच्या विटांच्या शेगड्या मोठ्या पाकशाळांतून बसल्या, पण घरोघर पसरली ती बिडाची बंद चूल. टॉमस रॉबिन्सन यानें १७८० सालीं आगीच्या एका बाजूस ओव्हन असलेल्या चुलीचें पेटंट घेतलें. एक्सेटरच्या जॉर्ज बॉडली यानें १८०२ सालीं वरून झांकलेल्या चुलीचें घेतलें. एका आगीवर ओव्हन, वरची तापलेली पाटी आणि पाण्याचा बंब हीं सर्व चालूं लागलीं. सोय मोठी झाली. पण तिची किंमत मोलकरणीनें चुकविली. भल्या पहांटे उठून राख काढणें, धूरमार्गांतील काजळी खरवडणें, आणि बीड गंजूं नये म्हणून ग्रॅफाइटचें काळें द्रव्य चोळून तें चकचकीत करणें, हा तिचा नित्यक्रम होता. काजळी सांचली तर ओव्हन तापत नसे, आणि पुष्कळ सांचली तर धुराड्यास आग लागे. याहून भयंकर धोका बंबाचा होता. कडाक्याच्या थंडींत नळांतील पाणी गोठलें म्हणजे वाफेस वाट उरत नसे. अशा वेळीं सकाळीं चूल पेटविली कीं बंब फुटे. दाब वाढतांच आपोआप उघडणारी झडप तेव्हां सर्वांस माहीत होती; ती प्रत्येक बंबास बसविलेली नव्हती, इतकेंच. चूल पेटविणाऱ्या मुलीचें त्यांत काय चुकलें होतें? ती रोजचेंच काम रोजच्याच रीतीनें करीत होती.

पुढची पायरी गॅसची. नॉर्थॅम्पटनच्या जेम्स शार्प यानें गॅसच्या चुलीचें पेटंट १८२६ सालीं घेतलें आणि १८३६ सालीं तिचा कारखाना काढला. लंडनच्या रिफॉर्म क्लबच्या पाकशाळेंत अलेक्सी स्वाये या प्रसिद्ध पाककुशल फ्रेंच गृहस्थानें १८४१ च्या सुमारास गॅसवर स्वयंपाक करून दाखविला. तरीही लोक बिचकत. अन्नास गॅसचा वास लागेल अशी त्यांना भीति वाटे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गॅसकंपन्यांनीं चुली भाड्यानें देण्यास आरंभ केला आणि पैसा टाकतांच चालूं होणारीं मापकें बसविलीं, तेव्हां गॅस गरिबांच्या घरीं पोंचला. पण त्याबरोबर एक नवा धोकाही पोंचला. टाकलेल्या पैशाचा गॅस संपला कीं ज्योत विझे. तोटी मात्र उघडीच राही. कांहीं वेळानें कोणी दुसरा पैसा टाकला म्हणजे न पेटलेला गॅस खोलीभर पसरे. हा गॅस दगडी कोळशापासून काढलेला असल्यामुळें त्यांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु असे, आणि त्या वायूस स्वतःचा रंग नाहीं व वासही नाहीं. लांकडाचा धूर डोळ्यांत जाऊन माणसास बाहेर पळवितो. हा वायु त्यास झोंप आणतो. ब्रिटननें १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत कोळशाचा गॅस सोडून समुद्रांतील नैसर्गिक गॅस घरोघर नेला, तेव्हां मूळच्या गॅसांतील हें विष गेलें. पण पुरेशी हवा न मिळतां कोणताही गॅस जळला तर तेंच विष पुन्हां उत्पन्न होतें. गॅसचा ओव्हन उघडा ठेवून थंडींत खोली ऊबदार करूं नये, या नियमाचें मूळ येथें आहे.

डोळा आणि नाक यांच्यानंतर हाताची पाळी आली. बिडाच्या ओव्हनांतही पोदेराप्रमाणें हात घालून किंवा कागद ठेवून आंच अजमावीत. १९२३ सालीं इंग्लंडांत 'रेग्युलो' नांवाचा तापनियामक असलेली गॅसची चूल विक्रीस आली, आणि हें कौशल्य एका खुंटीवरील आंकड्यांत सामावलें. यामागें एका धातूचा इतिहास आहे. पॅरिसजवळील आंतरराष्ट्रीय मापन-कार्यालयांत शार्ल एद्वार गियोम हा लांबीच्या प्रमाणमापासाठीं स्वस्त धातु शोधीत होता. १८९६ सालीं त्यास लोखंड व निकेल यांचें एक मिश्रण सांपडलें, जें तापविलें तरी जवळजवळ मुळींच वाढत नाहीं. या 'इन्व्हार'च्या शोधासाठीं व त्या अनुषंगानें केलेल्या कामासाठीं त्यास १९२० चें नोबेल पारितोषिक मिळालें. ओव्हनांत पितळेची नळी बसविली आणि तिच्या टोंकास आंतून इन्व्हारची कांडी जोडली, कीं आंच वाढतां पितळ लांबतें, कांडी लांबत नाहीं, आणि या दोहोंच्या फरकानें गॅसची झडप मिटत जाते. ज्या धातूनें मीटर मोजावयाचा, त्यानेंच केक भाजण्यास मदत केली. ब्रिटिश चुलींवर एक आंकडा म्हणजे सुमारें १४० अंश सेंटिग्रेड, चार म्हणजे १८०, ही परिभाषा तेव्हांपासूनची आहे.

अशाच दुसऱ्या एका शास्त्रज्ञाची कथा सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. स्वीडनचा गुस्ताफ डालेन यानें समुद्रांतील दीपस्तंभ आपोआप पेटतील व विझतील अशी योजना केली. १९१२ सालीं ॲसिटिलीन वायूचे प्रयोग चालू असतां स्फोट होऊन तो आंधळा झाला. त्याच वर्षीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें, आणि तें घेण्यास त्याच्या भावास जावें लागलें. या अंध माणसानें १९२२ सालीं 'आगा' ही चूल निर्माण केली. जाड बीड, त्याभोंवतीं उष्णता न सोडणाऱ्या सच्छिद्र मातीचें वेष्टन, आणि आंत सतत मंद जळणारी लहानशी आग. जिच्याकडे सारखें पाहावें लागत नाहीं अशी ही चूल ज्यास पाहतां येत नव्हतें त्यानें रचली, यांत आम्हांस केवळ योगायोग वाटत नाहीं.

विजेच्या ओव्हनविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. १८९१ च्या सुमारास लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें व १८९३ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत विजेचीं स्वयंपाकसाधनें मांडलीं गेलीं, परंतु त्यांच्या तारा लवकर जळत. १९०६ सालीं आल्बर्ट मार्श यानें निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रणाच्या तारेचें पेटंट घेतलें तेव्हां ती अडचण दूर झाली. ज्वाळा आतां पूर्णपणें नाहींशी झाली. इकडे घरांची बांधणीही बदलत होती. फ्रांकफुर्ट येथें १९२६ सालीं मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या वास्तुशास्त्रज्ञ बाईनें सुमारें १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब असें स्वयंपाकघर आंखलें, ज्यांत प्रत्येक वस्तु आपल्या ठराविक जागीं बसविलेली होती. अशीं जवळजवळ दहा हजार स्वयंपाकघरें बांधलीं गेलीं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत ओव्हन चुलीपासून वेगळा काढून भिंतींत, कमरेच्या किंवा छातीच्या उंचीवर बसविण्याची चाल पसरली. वाकावें लागेना, आणि रांगत्या मुलाचा हात तापल्या दारास लागेना.

परंतु रम्फर्डनें भट्टी बसविली ती विटांत; आपण ती बसवितों लांकडाच्या कपाटांत. हा फरक लहान नाहीं. आंत दोन-अडीचशें अंशांची आंच आणि बाहेर कांहीं बोटांवर लांकूड, यांमध्यें उष्णतारोधक वेष्टन, थंड हवेचा पंखा आणि मागें मोकळी सोडलेली जागा एवढेंच काय तें रक्षण असतें. ती मोकळी जागा सुताराच्या दृष्टीस वायां गेलेली वाटते व तो ती बुजवितो. कपाटास शोभा यावी म्हणून हवेच्या फटीवर पट्टी मारतो. ओव्हन बंद केल्यावरही कांहीं वेळ पंखा फिरत राहतो तो बिघडल्यामुळें नव्हे. त्या वेळीं भिंतीवरील मुख्य बटण दाबून त्यास गप्प करणें म्हणजे पहारेकऱ्यास निजविणें होय. विजेच्या ओव्हनास स्वतंत्र वाहिनी व जमिनीशीं पक्की जोडणी हवी, आणि आंतील दिवा बदलावयाचा तर आधीं ती वाहिनी बंद केली पाहिजे.

निगेचेंही तसेंच आहे. तळावर चकचकीत धातूचा कागद अंथरला म्हणजे डाग पडत नाहींत खरें, पण खालची आंच अडून तळाचा मुलामा तडकतो. दाराभोंवतींची रबरासारखी पट्टी फाटली तर आंच बाहेर पडून वरच्या खुंट्या व शेजारचें लांकूड भाजतें. दाराची कांच तापली असतां तिच्यावर थंड पाणी घालूं नये. तिला घांसणीनें ओरखडेही काढूं नयेत, कारण अशी कडक केलेली कांच ओरखड्याचें निमित्त होऊन पुढें केव्हां तरी एकाएकीं चूर होते. १९६३ सालीं अमेरिकेंत स्वतःच स्वतःस स्वच्छ करणारा ओव्हन निघाला. दार कुलपबंद करून तो सुमारें पांचशें अंशांपर्यंत तापतो आणि चिकटलेल्या अन्नाची राख करतो. त्या वेळीं आंतील जाळ्या काढाव्या, खिडक्या उघडाव्या, आणि घरांत पोपट असेल तर त्याचा पिंजरा दूर न्यावा, कारण पक्ष्यांस त्या धुराचा त्रास माणसांपेक्षां फार लवकर होतो. आपल्याकडे एक विशेष जास्त सांगितलें पाहिजे. पुष्कळ घरांत ओव्हन म्हणजे कढया व प्लास्टिकचे डबे ठेवण्याचें कपाट झालें आहे. चुलीवर डबा ठेवून कोणी ती पेटविणार नाहीं. पण ओव्हनचें दार न उघडतां खुंटी फिरविणारे आहेत, कारण ती चूल आहे हें त्यांना दिसत नाहीं.

नाकाच्या जागीं नेमलेल्या पहारेकऱ्याची हकीकत सर्वांत दुःखद आहे. नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नाहीं. अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत न्यू लंडन येथील शाळेंत १८ मार्च १९३७ रोजीं तळघरांत सांचलेल्या गॅसचा स्फोट झाला आणि तीनशेंच्या जवळपास माणसें मेलीं. त्यांत बहुतेक मुलें होतीं. कोणासच वास आला नव्हता, कारण येण्यासारखा वास नव्हताच. त्यानंतर गॅसमध्यें मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळण्याचा कायदा तेथें झाला. मुंबईंत १९५५ सालीं बर्मा-शेल कंपनीनें सिलिंडरमधील गॅस आणला. त्यास जो उग्र वास येतो तो असाच मिसळलेला आहे. हा सिलिंडरचा गॅस हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत सांचतो, तर नळाचा गॅस हलका असल्यामुळें वर चढतो. खिडकी उघडतांना हा भेद लक्षांत ठेवावा, आणि दोहोंतही विजेचें बटण चालू किंवा बंद करूं नये. ज्योत विझतांच गॅस तोडणारी योजनाही आतां ओव्हनांत असते. दोन धातूंचा सांधा तापविला असतां त्यांत वीज उत्पन्न होते, हें झेबेक यानें १८२१ सालींच दाखविलें होतें. ज्योतींत ठेवलेला असा सांधा थंड झाला कीं झडप आपोआप मिटते. पैसा टाकावयाच्या मापकांच्या काळीं हें ज्ञान पुस्तकांत होतें, चुलींत नव्हतें.

या सर्व इतिहासावरून आमच्या मनांत एक गोष्ट ठसली आहे. स्वयंपाकघरांतील अपघात म्हणजे बाईचा निष्काळजीपणा, ही समजूत फार जुनी व फार सोयीची आहे. बंबास झडप नव्हती, मापकास अटकाव नव्हता, गॅसला वास नव्हता. उणीव यंत्रांत होती आणि दोष पेटविणाऱ्या हाताकडे जात होता. विसाव्या शतकांत आपल्याकडील वर्तमानपत्रांनीं 'स्टोव्हचा भडका' हे शब्द किती वेळां छापले असतील! त्यांतील कित्येक भडके स्टोव्हनें केलेले नव्हते. हें उमजल्यावर १९८३ व १९८६ सालीं फौजदारी कायद्यांत नवीं कलमें घालावीं लागलीं. ज्या समाजास बाईच्या हातून झालेली चूक इतकी सहज पटते, त्यास गुन्हा लपविणेंही सोपें जातें. म्हणून अपघात झाला असतां प्रथम कपाट, वाहिनी, नळी आणि झडप यांची चौकशी व्हावी, आणि त्यांत दोष नाहीं असें ठरल्यावरच माणसाची व्हावी, असें आम्ही म्हणतों.

याचा अर्थ वापरणाराची जबाबदारी संपली असा नव्हे. चुलीस रोज पोतेरें फिरवावें लागे, म्हणून रोज तिची भेग दिसे. ओव्हन रोज कांहीं मागत नाहीं. त्यामुळें त्याचें जें थोडेंसें मागणें आहे तें आपण ठरवून दिलें पाहिजे. महिन्यांतून एकदां थंड असतांना दाराची पट्टी बोटांनीं चांचपावी, चिकटलेलें तूप पुसावें, पंख्याची फट मोकळी आहे कीं नाहीं तें पाहावें. वर्षांतून एकदां जाणत्या कारागिराकडून नळी व जोडण्या तपासून घ्याव्या. आणि हें काम घरांतील एकाच व्यक्तीच्या गळ्यांत न बांधतां सर्वांनीं शिकावें. रम्फर्डपासून आजपर्यंत ज्या ज्या लोकांनीं अग्नि कोंडला, त्यांनीं तो आपल्या सेवेसाठीं कोंडला. कोंडलेल्याची विचारपूस करणें हें कोंडणाराचें कर्तव्य आहे.